‘कोणी सांगितलं’ सरांचं भरीत

आमच्या सरांना नुसतं ‘सर, मुलींचे बाक पुढे असतात’ असं म्हटलं, तरी ते चष्मा कपाळावर चढवून विचारायचे, “कोणी सांगितलं?” प्राचार्यांनी? नोटीस लागली होती? नव्हती. मग ते खूश होऊन म्हणायचे, “बघा, न सांगता चालतं ते जास्त पक्कं असतं. आपला विषय तोच.” विषय होता समाजशास्त्र, कॉलेज जळगावचं, आणि आम्ही पहिल्या वर्षाची नवीकोरी पोरं. आठवड्याभरात त्यांचं नाव ‘कोणी सांगितलं सर’ पडलं.

मला त्यांचा पहिल्या दिवसापासून संशय. माझ्या वडिलांचं, नानांचं, मेहरूणला किराणा दुकान. घरातलं विचारणाऱ्या माणसापासून चार हात लांब राहायचं, ही त्यांची शिकवण. आणि सर तर घरातलंच विचारायचे. आधी कोण जेवतं? टीव्हीचा रिमोट कोणाच्या हातात? एकदा मी उभी राहून म्हटलं, “सर, तुम्हाला काय करायचंय?” सर म्हणाले, “वा! हा प्रश्न जपून ठेव. मला विचार, मंत्र्याला विचार, घरी वडिलांनाही विचार.” वडिलांना? म्हणजे हा माणूस घराघरांत भांडणं लावणार, माझी खात्रीच पटली.

दुसऱ्या सत्राला विषय बदलायची मुभा होती. निम्मा वर्ग भूगोलाकडे निघाला होता, मी सगळ्यांच्या पुढे. सर तासिका तत्त्वावर शिकवायचे, नोकरी कायमची नव्हती. मुलं गेली की वर्ग बंद, वर्ग बंद की सर घरी, हे अख्ख्या कॉलेजला माहीत होतं. नेमकं तेव्हाच सरांनी मित्राच्या मळ्यात सगळ्यांना भरताचं आमंत्रण दिलं. आमच्याकडे थंडीत फुकट भरीत खाऊ घालणारा एकतर निवडणुकीला उभा असतो, नाहीतर पोरीसाठी स्थळ शोधत असतो. “पोरं धरून ठेवायचा डाव आहे गं,” मी मैत्रिणींना म्हटलं. तरी गेलो. भरीत कोण सोडतं!

मळ्यात कपाशीच्या काड्या पेटल्या, वांगी भाजली. आम्ही मुली पुऱ्या लाटायला बसलो, पोरं खाटेवर पत्ते कुटत बसली. जेवणं झाली तसा संतोष उठला. तो पारोळ्याकडचा, आईवडील दुसऱ्यांच्या शेतात मजुरीला. गुपचूप सगळ्यांची उष्टी केळीची पानं गोळा करू लागला. सर इतका वेळ बांधावर बसून नुसते बघत होते. ते उठून आले आणि तोच प्रश्न, पण हळू आवाजात, “कोणी सांगितलं?”

संतोष गोंधळला. “कोनी नही सर. सवय शे.”

माझ्या बांगड्यांना अजून पीठ चिकटलेलं होतं. मलाही कोणी सांगितलं नव्हतं. राग आला, कोणाचा ते कळेना, म्हणून सरांवरच काढला. “सर, हे भरीत आम्ही भूगोलाला जाऊ नये म्हणूनच ना?”

“हो,” सर म्हणाले. “तुम्ही गेलात तर माझी नोकरी जाईल. पण पानं उचलायला संतोषला मी सांगितलं नव्हतं.”

इतकं सरळ कबूल करणारा माणूस मी पाहिला नव्हता. मला जास्तच संशय आला आणि त्या संशयापायीच, हा माणूस पुढे काय करतो ते बघायला, मी भूगोलाला गेले नाही. माझं बघून बाकीचेही थांबले.

तो वर्ग तगला. पुढच्या वर्षी मात्र नवी मुलं फारशी आलीच नाहीत आणि हिवाळ्यात सरांच्या तासिका बंद झाल्या. ते धुळ्याला, आपल्या गावी निघाले. निरोपाला आम्ही त्याच मळ्यात भरीत केलं. ठरवून पोरांनी पुऱ्या लाटल्या, एक फुगेल तर शपथ! संतोषला खाटेवर बसवलं, पानं मी उचलली. वाटलं, सरांचे डोळे भरून येतील. कसलं काय! चष्मा कपाळावर. “छान. पण हे मी बघतोय म्हणून. मी नसताना करा, मग मानीन.” काय मेला संशय तो! एस.टी. सुटली तेव्हा मात्र मला रडू आवरेना.

आता माझं सासर पारोळ्याला, संतोषच्याच भागातलं एक बागायतदार घर. परवा आमच्या मळ्यात भरीत होतं. पुरुष खाटेवर, बायका पिठाशी. सवयीने माझाही हात परातीकडे गेला. मग मी तो मागे घेतला आणि मोठ्याने दिरांना हाक मारली, “भाऊजी, या, आज पुऱ्या तुम्ही लाटा.”

सासूबाई बघतच राहिल्या. “हे काय नवीन? कोणी सांगितलं तुला?”

“कोणीच नाही,” मी म्हटलं, आणि मान वळवून बांधाकडे पाहिलं. तिथे कोणी बसलेलं नव्हतं.