पिवळ्या पट्टीच्या पलीकडे

“मला काय विचारता? छातीत त्यांच्या दुखतंय,” कोपऱ्यातल्या खुर्चीवरचे गृहस्थ इंग्रजीत म्हणाले.

तेव्हा कुठे मला उमगलं, की गेली चार मिनिटं मी एक्झामिनरची हिस्ट्री घेतोय. पेशंट कॉटवर गप्प पडून होता. मी त्याच्याकडे पाठ करून एक्झामिनरना विचारत होतो: कधीपासून दुखतंय, घाम आला का, दिवसाला बिड्या किती. बिड्यांपर्यंत त्यांनी सहन केलं. पुढच्या दोन खोल्यांतही मी हाच पराक्रम केला आणि रीतसर नापास होऊन कोल्हापूरला परत आलो.

ही परीक्षा होती इमर्जन्सी मेडिसिनची. मी शाहूपुरीतल्या एका खासगी हॉस्पिटलची कॅज्युअल्टी पंधरा वर्षं सांभाळत होतो. कॅज्युअल्टी म्हणजे अपघात, हार्ट अटॅक, सर्पदंश, काहीही झालं की पेशंटला आधी जिथं आणून टाकतात ती खोली. या कामाचाही वेगळा स्पेशालिस्ट असतो, ही बातमी आमच्याकडे दोन हजार सालानंतर पोचली. परदेशातल्या एका कॉलेजची परीक्षा, सेंटर दक्षिणेत. प्रॅक्टिकलला एकामागून एक खोल्यांत जायचं. खोलीला म्हणायचं स्टेशन. आत पेशंटचं काम करणारा नट, कोपऱ्यात चेकलिस्ट घेऊन बसलेला एक्झामिनर, आणि वेळ सात मिनिटं. आपलं नाव सांगितलं, एक मार्क. तपासायची परवानगी घेतली, एक मार्क. “तुम्हाला स्वतःला काय वाटतं, काय झालं असेल?” असं पेशंटला विचारलं, आणखी एक मार्क.

आता माझी चूक का झाली ते सांगतो. आमच्या भागात पेशंट बोलत नाही. ज्याच्या गाडीतून पेशंट आला, तो बोलतो. हा नियम कुणी लिहिलेला नाही, पण मोडलेला मी पाहिला नव्हता. जीपवाला मामा असेल तर मामा, टेंपोवाला शेजारी असेल तर शेजारी. त्यानं चुकून मधे श्वास घेतला तर मागचे दहा-बाराजण भर घालतात. पेशंट छताकडे बघत पडून राहतो. पंधरा वर्षांत माझी मान आपोआप कॉटशेजारच्या माणसाकडे वळायला लागली होती. खोलीत पेशंट सोडून दुसरा कोणी असला की तो नातेवाईकच, हे मी धरून चाललो होतो.

हॉस्पिटलचे मालक म्हणजे आमचे मोठे सर, नावाजलेले सर्जन. त्यांनी मला केबिनमध्ये बोलावलं.

“आपण नवीन इमर्जन्सी डिपार्टमेंट काढतोय. बोर्डावर डिग्री पाहिजे. सहा महिन्यांनी पुन्हा बसा. पास झालात तर तुम्ही इनचार्ज.”

“आणि नाही झालो तर?”

“पुण्याचा एकजण यायला तयार आहे. तुम्ही त्याच्या हाताखाली.”

पुण्याचा एकजण माझ्यापेक्षा बारा वर्षांनी लहान होता. मला ते फार लागलं. त्या खोलीची फरशी बसवली तेव्हापासून मी तिथं उभा होतो.

शिंदे सिस्टर आमच्या कॅज्युअल्टीच्या इनचार्ज. त्यांनी माझी तयारी हातात घेतली. पेशंटच्या कामाला त्यांनी अँब्युलन्सचा ड्रायव्हर महादू निवडला. महादू कॉटवर आडवा झाला, छातीवर हात ठेवला. मी नाव सांगितलं, परवानगी घेतली, विचारलं, “काय त्रास होतोय?”

महादू गप्प.

“महादू, बोल की,” सिस्टर म्हणाल्या.

“मी कसं बोलू? मी पेशंट हाय न्हवं? कुणीतरी माझ्या बाजूचं आणा की.”

मग त्याच्या बाजूनं वॉचमन उभा केला. वॉचमननं महादूची हिस्ट्री अशी रंगवून सांगितली, की माझी मान पुन्हा तिकडेच वळली. महादूला ते इतकं पटलं की त्याला खरोखर घाम फुटला. सिस्टरांनी स्टॉपवॉच बंद केलं.

“असं जमणार न्हाय,” त्या म्हणाल्या. “खऱ्या पेशंटवरच शिका.”

त्यांनी कॅज्युअल्टीच्या फरशीवर पिवळी चिकटपट्टी लावली. नातेवाईक पट्टीच्या पलीकडे, पेशंट आणि मी अलीकडे. सिस्टर शेजारी चेकलिस्ट घेऊन उभ्या. सात मिनिटं झाली की त्या चमच्यानं स्टीलच्या ट्रेवर टण्ण वाजवायच्या. तातडीच्या उपचाराला अर्थातच यातून सूट होती. जीव वाचवून झाल्यावर मात्र सगळे प्रश्न विचारावे लागायचे.

पहिल्याच आठवड्यात बोभाटा झाला. मार्केट यार्डातले एक गुळाचे व्यापारी पोटात दुखतंय म्हणून आले. मी अदबीनं म्हणालो, “तुमची परवानगी असेल तर तपासू का?”

“मग आलोय कशाला?”

“तुम्हाला स्वतःला काय वाटतं, काय झालं असेल?”

त्यांनी पट्टीपलीकडच्या भावाकडे पाहिलं. भावानं मान हलवली. व्यापारी उठले, चपला घातल्या. “चला. या डाक्टरला कळंना झालंय. मलाच इचारतोय.” तेवढ्यात सात मिनिटं भरली आणि ट्रे वाजला. ते आणखी घाईनं गेले.

दुसऱ्या दिवशी मोठ्या सरांचं बोलावणं आलं. “कॅज्युअल्टीत घंटा वाजवून पेशंट हाकलता, असं गावभर झालंय. आणि ती पट्टी काढा. नातेवाईक दुखावतात.”

“परीक्षेपर्यंत राहू द्या, सर.”

“महिनाभर. एक तक्रार आली की पट्टी जाणार, आणि पुण्याला फोन.”

तक्रार यायला चार दिवससुद्धा लागले नाहीत. कसबा बावड्याहून साठीचे एक गृहस्थ छातीत दुखतंय म्हणून आले, सोबत जीपभर माणसं. जीप पुतण्याची, म्हणून पुतण्या बोलत होता. “काका उन्हातनं हिंडल्यात. बाकी काय न्हाय. निर्व्यसनी माणूस हाय.”

सिस्टरांनी त्याला पट्टीपलीकडे नेलं. तो भडकला. “माझ्या जीपमधनं आणलंय. मला भाईर काढताय व्हय? थांबा, तुमच्या मोठ्या डाक्टरलाच सांगतो.” तो तरातरा वर गेला. आता फोन लागणार, हे मी ओळखलं. तरीही तोंडात बसलेले प्रश्न मी विचारत राहिलो.

ईसीजीत थोडा बदल होता. अशा वेळी नेहमीचा उपाय म्हणजे जिभेखाली विरघळणारी गोळी. तिनं हृदयाच्या रक्तवाहिन्या सैल होतात. सिस्टरांच्या हातात ती तयारच होती.

“आणखी काही सांगावंसं वाटतं का?” हा चेकलिस्टवरचा शेवटचा प्रश्न. एक मार्क.

काकांनी पट्टीकडे पाहिलं, मग सिस्टरकडे. “शिस्टरला जरा लांब जाऊ द्या.”

सिस्टरांनी जागा सोडली नाही, फक्त पाठ फिरवली. काका कुजबुजले, “तुमी बी बाप्यामाणूस, म्हणून सांगतो. सकाळी मैतरानं एक गोळी दिलती. ताकदीची. निळी.”

मी सिस्टरच्या हातातली गोळी जवळजवळ हिसकावून घेतली. त्या निळ्या गोळीवर ही जिभेखालची गोळी पडली की रक्तदाब एकदम कोसळतो. मग माणूस परत वर काढणं कठीण. पंधरा वर्षं मी ही गोळी पुतण्यांच्या सांगण्यावरून देत आलो होतो. काकांना दुसरे उपचार दिले. पाचव्या दिवशी ते चालत घरी गेले. पुतण्याला निळ्या गोळीचं अर्थातच सांगितलं नाही. मोठ्या सरांना सांगितलं. पुण्याला फोन गेला नाही, पट्टीही राहिली.

सहा महिन्यांनी मी परीक्षेला गेलो, तेव्हा सवय इतकी पक्की झाली होती की सगळ्या खोल्या सुरळीत गेल्या. शेवटच्या खोलीत कॉटवर पोटदुखीची बाई, आणि तिच्या उशाशीच एक जाडजूड गृहस्थ उभे. कोपऱ्यातली खुर्ची रिकामी. मी नाव सांगितलं, हात धुतले आणि त्यांना नम्रपणे पण ठाम सांगितलं, “आपण जरा बाहेर थांबा. मला पेशंटशी एकट्याशी बोलायचंय.”

ते काही बोलायला गेले. मी दार उघडून धरलं. ते निमूट बाहेर गेले.

सात मिनिटं मी फार सुंदर हिस्ट्री घेतली. घंटा झाली तरी एक्झामिनर का आला नाही, याचं मला नवल वाटलं. बाहेर येऊन बघतो तर ते गृहस्थ छातीशी चेकलिस्ट धरून भिंतीला टेकून उभे. त्यांची खुर्ची मोडकी निघाली होती, म्हणून ते उशाशी उभे राहिले होते. मार्क द्यायला आत कुणी नव्हतंच. शेवटी ते स्टेशन माझ्यासाठी पुन्हा घ्यावं लागलं. दारातून डोकं आत घालून त्यांनी विचारलं, “मी आत येऊ का?” मी पेशंटची परवानगी घेऊन मगच त्यांना आत घेतलं.

पास झालो. बोर्डावर माझं नाव लागलं. मी पट्टी काढायला गेलो, तर सिस्टर म्हणाल्या, “ऱ्हाऊ द्या की.”

पुढच्याच महिन्यात मोठे सर त्यांच्या आईला स्वतःच्या गाडीतून घेऊन कॅज्युअल्टीत आले. आत येतानाच त्यांची हिस्ट्री सुरू झाली. “कालपासून चक्कर, बीपीची गोळी चालू आहे, जेवण व्यवस्थित.” शिंदे सिस्टरांनी हात पट्टीकडे केला. सरांनी एकदा माझ्याकडे पाहिलं आणि पट्टीपलीकडे जाऊन उभे राहिले.

मी आजींना नाव सांगितलं आणि विचारलं, “काय त्रास होतोय?”

आजींनी आधी लेकाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. “चक्कर आजची न्हाय, पंधरा दिस झालं. बीपीच्या गोळ्या कवाच्या संपल्यात. जेवण तर जातच न्हाय. पर त्येला काय ठावं? त्येनं मला इचारलंय कवा?”

सर पट्टीच्या पलीकडे, दोन पावलांवर होते. त्यांना सगळं ऐकू येत होतं.

मी आजींना गोळ्या लिहून दिल्या. बाकी एवढंच शिकलो, की जो आधी बोलायला लागतो त्याला दुखत नसतं.