तरवडाचं गुजराती नाव

आमच्या शेजारच्या लीलाकाकू मोहिते एकदा हट्टाला पेटल्या की त्यांच्यापुढे कुणाचं काही चालत नाही. बडोद्याच्या दांडिया बाजारात वाढल्या, शाळेच्या प्रयोगशाळेत तीस वर्षं नोकरी केली, आणि आता आमच्या सोसायटीच्या फाटकाजवळच्या बागेच्या त्या स्वयंघोषित मालकीण. तिथे पूर्वी लॉन होतं. उन्हाळ्यात आमच्या नळाला करंगळीएवढी धार, आणि लॉनला मात्र टँकर. काकूंनी भांडून ते उपटवलं आणि कमी पाण्यावर तग धरणारी दहा प्रकारची गावठी झाडं लावली.

चेअरमन किरीटभाईंना ते सगळं रान वाटायचं. पण तेवढ्यात महापालिकेची एक योजना निघाली: यादीतली दहा स्थानिक झाडं असतील तर घरपट्टीत सूट. मीटिंगमध्ये ठरलं, महिनाअखेर मंजुरी आली तर बाग राहील, नाहीतर पुन्हा लॉन. किरीटभाईंनी तर गवताची ऑर्डरही देऊन टाकली.

काकूंचा अर्ज आठवड्यात परत आला. तरवड, बहावा, अडुळसा, निर्गुडी, चार नावांवर लाल काट. महापालिकेच्या कचेरीतल्या भक्तीबेननी वर ऐकवलं, "आ बधां तो बहारनां छे, मासी."

काकूंचे पूर्वज सात पिढ्यांपूर्वी महाराष्ट्रातून बडोदा संस्थानच्या फौजेत आलेले. 'बहारनां', म्हणजे बाहेरची, म्हटल्यावर त्यांना ते चांगलंच लागलं. घरी येऊन अर्ज पुढे घेऊन बसल्या, तेव्हा कुठे घोळ लक्षात आला. त्यांचं गुजराती फर्डं आहे. भाजीवाल्याशी, रिक्षावाल्याशी त्या गुजरातीतच भांडतात. बाजारात जे विकत मिळतं त्याचं गुजराती नाव त्यांना पाठ. पण तरवड कोण विकत घेतं? ही नावं आईकडून आली आणि घरातच राहिली. अर्जातही त्यांनी ती मराठीच लिहिली होती, आणि यादी होती गुजरातीत.

दुसऱ्या दिवशी चारही झाडांच्या डहाळ्या पिशवीत घालून त्या कचेरीत गेल्या, मलाही सोबत ओढलं. जेवणाची सुटी झाली, साहेब बाहेर गेले, पुन्हा उद्या या असंही सांगून झालं. काकू बाकावरून उठल्या नाहीत. चार वाजता त्यांनी डहाळ्या टेबलावर मांडल्या.

"तमे नाम बोलो, हुं लखुं छुं."

भक्तीबेननी पहिली, तरवडाची डहाळी उचलली. "आ तो आवळ छे." मग गरमाळो, अरडूसी, नगोड. चारही यादीत होती. काकूंनी एकेक अक्षर जुळवत ती गुजरातीत लिहिली आणि शिक्का पडेपर्यंत टेबल सोडलं नाही.

रिक्षात मी किरीटभाईंच्या चेहऱ्याची नक्कल करून हसत होते. काकू हसल्या नाहीत.

"रसिका, चौसष्ट वर्षं बडोद्यात काढली," त्या म्हणाल्या, "आणि इथल्या झाडांना इथली माणसं काय म्हणतात, हे मी कधी कुणाला विचारलंच नाही. लाज वाटली गं मला."