वर्तणूक: हट्टी

माझे वडील निपाणीतल्या एका छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवायचे. त्यामुळे आमच्या घरात कोऱ्या कागदापेक्षा छापताना बिघडलेली पत्रकेच जास्त. बाराखडी मी त्या पत्रकांच्या पाठीवर गिरवली आणि पाठ भरली की कागद उलटून पुढची बाजू वाचली. दारू, सावकारी, बालविवाह, विहिरीवरचा विटाळ, शाळेतली छडी. ज्या ज्या गोष्टीविरुद्ध कुणी ओरडले होते ती ती मला मिसरूड फुटण्याआधी पाठ होती. इतर मुले शुभंकरोती म्हणायची तेव्हा मी 'बंधुभगिनींनो, आणखी किती दिवस?' असे मोठ्याने म्हणत अंगणात फिरायचो.

पोटात गेलेले कधीतरी बाहेर येतेच. इंटरपर्यंत शास्त्र शिकून मी पुढे तत्त्वज्ञानात बी.ए. झालो, गावी परतून शाळेत मास्तर झालो, आणि पगारातून जे उरे ते छापखान्यात घालू लागलो. आईवडील तोवर गेले होते. घरात मी आणि माझी थोरली बहीण, आक्का. मला तिनेच वाढवलेले, त्यामुळे माझे प्रत्येक पत्रक प्रथम तिला वाचून दाखवणे भाग होते. ती भाकऱ्या थापत ऐकायची आणि म्हणायची, "झालं? आता त्या तव्याखालचा जाळ वाईच पुढं सार. त्यो तुझ्या पत्रकानं पेटत न्हाय."

त्या पत्रकांतले एक होते 'खोकल्याचा पंचनामा'. आमचे गाव तंबाखूचे. वखारीत बायका दिवसभर तंबाखू चाळतात, त्याचा खकाणा उडतो आणि छातीत जाऊन बसतो. खिडक्या उघडल्या तर माल वाऱ्याने उडेल म्हणून खिडक्या बंद. माल उडू नये, बाईचा जीव उडाला तरी चालेल! असे सगळे मी लिहिले होते आणि आजही त्यातला एक शब्द मी बदलणार नाही.

पत्रक वाटून थोडेच दिवस झाले होते. संध्याकाळी वखारीतली एक बाई आमच्या दारात येऊन उभी राहिली. हातात माझे पत्रक, चौपदरी घडी घातलेले.

"खोकल्याचं मास्तर तुमीच का?"

"हो, मीच." मला उगाच उंच झाल्यासारखे वाटले.

"पोराकडनं वाचून घ्येतलं. समदं खरं हाय. खिडकीचं बी खरं, छातीत जाळ हुतोय त्ये बी खरं. आता औषध द्या."

"औषध? बाई, मी डॉक्टर नाही. मी फक्त लिहिलंय."

तिने पत्रकाची घडी उलगडून पाहिली. मग खोकली, मनसोक्त खोकली, आणि पदराने तोंड पुसून म्हणाली, "मग लिव्हलंसा कशाला?"

याचे उत्तर माझ्याकडे होते. लोकमत, जागृती, संघटना. पण दारात उभ्या खोकणाऱ्या माणसाला 'लोकमत' सांगायला जीभच वळेना. आतून आक्काचा आवाज आला, "दे की रं औषध! एवढं छापतोस तर एखादी पुडी बी छाप."

बाई हसली, हसता हसता पुन्हा खोकली, आणि पत्रक कमरेला खोचून निघून गेली. पण तिचा प्रश्न गेला नाही. वर्गात फळ्यावर लिहिताना मला ऐकू यायचे, 'मग लिव्हलंसा कशाला?' शेवटी मी पुण्याच्या एका मेडिकल स्कूलचा अर्ज मागवला. वयाच्या अटीत मी जेमतेम बसत होतो. पुढच्या वर्षी बसणार नव्हतो. म्हणजे काय व्हायचे ते याच वर्षी.

अर्ज भरणे सोपे होते. अडले ते वर्तणुकीच्या दाखल्यांपाशी. दोन दाखले हवे होते. एक कॉलेजच्या प्राचार्यांचा. तो माझ्याकडे होता, कारण कॉलेजात असताना मी अजून छापायला लागलो नव्हतो. दुसरा राहत्या गावच्या सरकारी अंमलदाराचा, मॅजिस्ट्रेटचा किंवा नोंदलेल्या डॉक्टरचा. आणि माझ्या ओळखीत अशा शिक्क्याचे लोक तीनच होते. अंमलदारावर मी पत्रक काढले होते. ऑनररी मॅजिस्ट्रेट असलेल्या व्यापाऱ्यावर दोन काढली होती. डॉक्टरांवर 'दवाखान्याची दोन दारे' या नावाचे एक, चांगले आठ पानी.

आक्काला हे सांगितले तर तिने कपाळाला हात लावला. "आता चौथा शोध. ज्येच्यावर काय लिव्हलं न्हाईस असा."

"असा माणूस गावात नाही."

"हाय की. मी हाय. पर माझा अंगठा त्यास्नी चालायचा न्हाय."

तिघांत डॉक्टरांवर एकच पत्रक होते, म्हणून मी त्यांच्याकडे गेलो.

दवाखान्याला खरोखरच दोन दारे होती. पुढच्या दाराने टोपीवाले, कोटवाले, त्यांच्या घरच्या बायका. त्यांना बसायला गुळगुळीत बाक. मागच्या दाराने वखारीतल्या बाया आणि खेड्यातली माणसे. त्यांना बसायला परसातली जमीन. पुढचे संपले की मागच्यांना हाक. एवढेच मी लिहिले होते, फक्त जरा जोरात. पुढच्या दारी बसणाऱ्यांचे म्हणणे असे की मागच्यांच्या अंगाला तंबाखूचा वास येतो आणि शिंका येतात. ज्यांची घरे त्याच तंबाखूवर उभी होती त्यांना शिंका येत होत्या!

डॉक्टर पन्नाशीचे, कोरड्या तोंडाचे गृहस्थ. मला पाहून त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला.

"या मास्तर. आज कुठल्या दारानं आलात?"

"पुढच्या. मागचं बंद होतं."

"छापा मग तेही." त्यांनी अर्ज वाचला. "म्हणजे तुमची वर्तणूक चांगली आहे असं मी लिहून द्यायचं."

"असली तर."

"ते पत्रक मागं घेता का? एक ओळ लिहा, आत्ता सही करतो."

खोटे कशाला सांगू, क्षणभर दौतीकडे माझी नजर गेली. एक ओळ, आणि पुढे चार वर्षांनी हातात औषध. पण मागच्या दारी बसणारी ती बाई मला दिसत होती, आणि खोकल्याच्या पत्रकाला तिने म्हटलेच होते की समदं खरं हाय. तिला मी काय सांगू, की हे मात्र परवापर्यंतच खरे होते?

"नाही घेत," मी म्हणालो.

"बरं." त्यांनी अर्ज खणात टाकला. "मग उद्या सकाळी शाळेच्या आधी मागच्या दारी या. रोज या. आलेल्यांची नावं आणि तक्रारी लिहून द्या मला."

"का?"

"दाखल्यात 'मी यांना ओळखतो' असं लिहावं लागतं. मी तुमचं पत्रक ओळखतो, तुम्हाला नाही."

मी रोज जाऊ लागलो. परसात उकिडवे बसायचे, मांडीवर वही, समोर माणसे. खोकला, जुलाब, विंचू, पोर रडते, पोर रडत नाही. पत्रकात मी ज्यांना 'पिचलेली जनता' म्हटले होते ती जनता जवळून पाहिली तर भारी थट्टेखोर निघाली. मास्तरला फुकट बसवलाय हे कळल्यावर बाया मला म्हणू लागल्या, "काय मास्तर, तुमालाबी मागल्या दारानंच बोलवत्यात व्हय?"

बाजाराच्या दिवशी कानडी मुलखातली माणसेही यायची. भाव विचारण्याइतकी कानडी मला येत होती, पण बाजारात हातपाय कुणी विकत नाही, त्यामुळे ते शब्द मला आले नव्हते. शिवाय माय मराठीच्या अभिमानापायी मी ते शिकलोही नव्हतो. एक म्हातारी समोर येऊन बसली.

"आजी, काय दुखतंय?"

"काल."

"कालपासून? बरं. पण दुखतंय काय?"

"काल!"

"हो, काल. ते लिहिलं. पण काय? काय?"

म्हातारी वैतागली. "कै अल्लो! काल! काल!"

मी वहीत लिहिले: 'कालपासून. काय ते सांगत नाही.' आणि वही आत पाठवली. थोड्या वेळाने आतून असा आवाज आला की मला वाटले कपाट कोसळले. डॉक्टर हसत होते. पुढच्या बाकावरचे लोक उठून आत डोकावू लागले. डॉक्टर डोळे पुसत परसात आले. "मास्तर, कानडीत कै म्हणजे हात आणि काल म्हणजे पाय. तुम्ही विचारताय काय, काय. ती सांगतेय हात नव्हे, पाय!"

म्हातारीने माझ्याकडे बोट करून डॉक्टरांना ठसक्यात काहीतरी ऐकवले. डॉक्टर पुन्हा हसले.

"काय म्हणतात?" मी विचारले.

"म्हणतात, या मास्तरचे कान दुखतायत, आधी त्याला बघा."

त्या दिवसापासून मी म्हातारीसारख्याच रोखठोक लोकांकडून कानडी शिकू लागलो. तली म्हणजे डोके, किवी म्हणजे कान, बाय म्हणजे तोंड. घरी येऊन आक्काला म्हणालो, बाय म्हणजे तोंड. ती म्हणाली, "त्यात नवं काय? बाय म्हंजे तोंडच."

दिवस संपत आले. अर्ज टपालात पडायची शेवटची सकाळ उजाडली तरी तो खणातच होता. मी रोजच्यासारखा मागच्या दारी गेलो. सगळ्यांच्या आधी आली होती ती खोकल्याची बाई. भिंतीला टेकून खोकत बसली होती. तिच्यामागून एक शेतकरी आला, मग हळूहळू पुढचा बाक भरला. डॉक्टरांनी आतून नेहमीसारखी हाक मारली, "चला, पहिले कोण?"

हाक पुढच्या दारासाठी असायची. एक व्यापारी उपरणे सावरत उठलेही. मी मागच्या दारात उभा होतो, हातात वही होती आणि वहीत पहिले नाव त्या बाईचे होते. खणातला अर्ज मला आठवत होता, वय आठवत होते, आणि तरी माझ्या तोंडून तिचे नाव निघाले. छापखान्यातल्यासारखे ठळक.

"मी उठलोय ना?" व्यापारी म्हणाले. "मी कोण आहे माहीत आहे का?"

"माहीत आहे. तुम्ही तिसरे आहात."

बाई दारात घुटमळली. "ऱ्हाऊ द्या मास्तर, जाऊ द्या त्येस्नी."

"आत जा," मी म्हणालो. वहीत तिच्या नावापुढे मी बरोबरची खूण केली.

डॉक्टरांनी चष्मा नाकावर घेतला. मग बाईकडे वळून म्हणाले, "बस. श्वास घे. मोठा घे." त्यांनी छातीला नळी लावली, पाठीला लावली, औषध बांधून दिले, आणि ओला फडका नाकाला बांधून चाळायला बस म्हणून सांगितले. जाताना ती माझ्याजवळ थांबली. "आता कसं, मास्तर! लिव्हलंसा, आन औषध बी मिळालं."

सगळे पेशंट संपल्यावर डॉक्टरांनी खण उघडला, एका कागदावर काहीतरी लिहिले, सही केली आणि कागद माझ्यापुढे टाकला. इंग्रजीत होता. मराठीत त्याचा अर्थ असा: 'या तरुणाने माझ्याविरुद्ध एक पत्रक छापले. त्यात दोन चुका आहेत. बाकीचे खरे आहे. ते मागे घेण्यास सांगितले असता त्याने नकार दिला. वर्तणूक: हट्टी. माझी शिफारस: घ्यावे.'

घरी आक्काला वाचून दाखवला. ती म्हणाली, "ह्यो दाखला हाय का फौजदारी?"

दुसरा मिळवायला वेळ नव्हता. मी तोच पाठवला.

मुलाखतीचे बोलावणे आले. पुण्याला दारातल्या शिपायाने मला अडवले आणि नम्रपणे म्हणाला, "पालकांनी बाहेर बसायचं. मुलगा कुठाय?"

"मीच मुलगा."

आत तिघे बसले होते. मधल्यांनी दाखला मोठ्याने वाचला. शेवटाला त्यांचा आवाज जरा कापला, तो रागाने की कशाने ते कळेना.

"एवढ्या उशिरा का आलात?" त्यांनी विचारले.

"आजवर मला वाटायचं, लिहिलं की काम झालं."

"हं. आणि या दोन चुका कुठल्या?"

त्या मी डॉक्टरांना विचारूनच गेलो होतो. "बाक सागवानी म्हणून लिहिला होता, तो फणसाचा निघाला. आणि डॉक्टर कधी हसत नाहीत असं लिहिलं होतं."

"हसले?"

"हो."

"कशावर?"

मी म्हातारीची गोष्ट सांगितली. 'कै अल्लो' म्हणेपर्यंत दोघे गंभीर होते. कडेला बसलेले तिसरे मात्र त्याआधीच टेबलावर वाकून हसू लागले. ते धारवाडकडचे होते. बाकीच्या दोघांना त्यांनी समजावून सांगितले तेव्हा खोलीत इतका हशा झाला की शिपायाने दार उघडून पाहिले.

माझी निवड झाली. आक्काने सबंध गल्लीत गूळ वाटला आणि प्रत्येकाला सांगितले की आमच्यात आता पुडी बी मिळंल, वाईच दम धरा.

पहिल्या सुट्टीत आलो तसा दवाखान्यात गेलो. मागचे दार होते तिथेच होते, पण परसात कुणी बसले नव्हते. सगळी आत होती. फणसाच्या बाकावर वखारीतली एक बाई, तिच्याशेजारी एक कोटवाले शिंकत बसले होते.

"दार बुजवलं नाहीत?" मी विचारले.

"भिंतीला खर्च येतो," डॉक्टर म्हणाले. "नंबर लावायला येत नाही. आता तरी मागं घेतोस का पत्रक?"

मला ते पहिल्यांदाच 'तू' म्हणाले होते. "मागं नाही घेत. दुसरी आवृत्ती काढतो. दार बदललं तेही लिहितो, आणि बाक फणसाचा करतो."

"आणि मी हसतो ते?"

"तेही दुरुस्त करू की."

"ते राहू दे," डॉक्टर चष्मा पुसत म्हणाले. "ते छापलंस तर फी कुणी देणार नाही."