मामांचं पान कोणाला दिसत होतं

धर्मामामा गेल्याचा फोन डोंबिवलीला शेजाऱ्यांकडे आला, तेव्हा मी दाढी करत होतो. लिहायला लाज वाटते, पण क्षणभर सुटल्यासारखं वाटलं... आता मामांना ते कधीच कळणार नव्हतं.

सगळे त्यांना मामाच म्हणत; कोलशेतच्या आमच्या कंपनीत ते स्टोअर सांभाळायचे. खाडीकाठचे कोळी, सकाळी पाणी बघून आल्याशिवाय त्यांना चहा गोड लागत नसे. तीनेक वर्षांपूर्वी ऑफिसातले कॉम्प्युटर एकमेकांना जोडले गेले आणि त्यावर कर्मचाऱ्यांची पानं सुरू झाली. भजनी मंडळाचं, क्रिकेटवाल्यांचं, कँटीनचं. कुठलं पान कोणाला दिसावं, ती यादी माझ्या हातात. नावापुढे खूण केली की पान दिसायचं, काढली की गायब. मी त्या तोऱ्यात मिरवायचो.

मामांनी हट्टानं ‘आपली खाडी’ हे पान सुरू केलं. दर सोमवारी दोन बोटांनी टाइप करत भरती-ओहोटी, चिखलातली निवट्यांची मासळी कुठे मिळाली, असं लिहायचे. एका सोमवारी त्यांनी लिहिलं, की कंपनीच्या नाल्यापाशी मासे मरून तरंगताहेत. मॅनेजरसाहेबांनी मला बोलावलं. “पान बंद कर. पण बोंबाबोंब नको हं.”

मी डोकं चालवलं. सगळ्यांच्या खुणा काढल्या, फक्त मामांची ठेवली. त्यांना पान पूर्वीसारखंच दिसायचं, दुसऱ्या कोणालाही नाही. लोकांना वाटलं, मामांनी घाबरून बंद केलं. नाजूक विषय, म्हणून कोणी विचारलंही नाही. साहेबांनी माझी पाठ थोपटली. आज स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटते.

मामा दोन वर्षं लिहीत राहिले. जेवणाच्या सुट्टीत कधीतरी विचारायचे, “काय रं कुलकर्णी, वाचतान ना लोका?”

“वाचतात की, मामा.”

“मंग कोन काय बोलत कसं नाय?”

“साहेबांना घाबरतात.”

मामा मान हलवायचे आणि माझ्या डब्याच्या झाकणात दोन कोळंब्या टाकायचे. मी त्या खायचो.

दिवसकार्य झाल्यावर त्यांच्या घरी गेलो. त्यांची मुलगी सुनंदा, शाळेत शिकवते, तिनं कागदांचा गठ्ठा आणून माझ्या मांडीवर ठेवला. मामा दर सोमवारचं पान छापून घरी नेत असत. “काका, बाबा म्हणायचे, सगळी कंपनी वाचते माझं. लोकांना त्यातलं काय आवडायचं हो?”

खरं ते ओठांवर आलं होतं... पण मामी पदरानं डोळे पुसत ऐकत होत्या. “सगळंच,” मी म्हणालो. मी स्वतः एक ओळही वाचली नव्हती.

तो गठ्ठा तिनं मलाच दिला. आता रोज एक पान वाचतो. पाण्याचा रंग, वास, कुठले मासे दिसेनासे झाले, सगळं तारीखवार. एका पानाच्या तळाशी लिहिलंय, ‘कोणी काही बोलत नाही. पण कुलकर्णी सांगतो, वाचतात. म्हणून लिहितो.’

सुनंदा, तुझ्या घरी हा पेपर येतो, म्हणून हे इथे छापायला दिलं. तुझ्या बाबांचं पान कोणालाच दिसत नव्हतं. ते मी केलं होतं.