शिवराजअण्णांचा उंबरा

बांधकामावरची रेती एक दिवस संपते, भांडणं काही संपत न्हाईत. भालकीत माझं नकाशे काढायचं आन् करारनामे लिहायचं छोटं ऑफिस हाय. तिथं फायली कमी, असले किस्सेच जास्त जमलेत. त्यातले निम्मे एकट्या शिवराजअण्णांचे. अण्णा घरबांधणीचे गुत्तेदार. घर झकास बांधणार, पण कागदाला हात लावणार न्हाईत.

"अण्णा, अटी लिहून घ्या," मी दर वेळी सांगायचो.

"मी शब्दाचा माणूस हाय, इंजिनिअर."

*

खटकचिंचोळीच्या एका मालकानं तोंडी अट घातली, "घर माझ्या साडूच्या घरासारखं पायजे, फक्त थोडं मोठं." अण्णांनी मान हलवली. इकडं स्लॅब टाकून झाला आन् तिकडं साडूनं वरचा मजला चढवला.

मालक दुसऱ्या दिवशी हजर. "कामून थांबलाव अण्णा? आपण मागं पडायलाव की." रेट तोच, मजला मात्र वाढीव!

माझ्या ऑफिसात तीन बैठका झाल्या. शेवटी गच्चीचा कठडा साडूच्या कठड्यापेक्षा एक वीत उंच करायचं ठरलं, तेव्हा मालक खूश होऊन घरी गेला.

*

शेवटचा हप्ता थकला की अण्णा किल्ली अडवायचे. हळ्ळीखेडच्या मालकानं काय करावं? खिडकीला गज बसायच्या आत बाज, गॅस आन् बायको, सगळं खिडकीतून आत नेलं. महिनाभर तिथूनच ये-जा.

अण्णा वसुलीला गेले, तर त्यानं खिडकीतूनच चहाचा कप पुढं केला. "आत या म्हणलो असतो, पण किल्ली तुमच्याकडं हाय."

*

तवापासून अण्णा किल्ली देऊन टाकायचे आन् उंबरा ठेवून घ्यायचे. सागवानी उंबरा, चौकटीला सगळ्यात शेवटी बसणारा. उंबऱ्याशिवाय वास्तुशांत कोण करणार? पैसे आले की अण्णांचे जुने मिस्त्री महेबूबभाई तो खांद्यावर घेऊन यायचे आन् चार स्क्रू पिळायचे.

मिस्त्रीसाठी अण्णांची एक अट ठरलेली होती. स्लॅबच्या दिवशी मालकानं मिस्त्रीला फेटा बांधायचा आन् पोटभर जेवू घालायचं. ह्यात ते कुणाची गय करायचे न्हाईत.

*

मग अण्णांनी स्वतःचं घर बांधलं, आन् त्याच वर्षी लेकाचं लग्न काढलं. सून केली ती निंबर्ग्याच्या एका गुत्तेदाराची लेक. लग्न तिकडंच झालं. वरात परत आली, नवरी दारात उभी राहिली. अण्णांच्या मालकीणबाई, अक्का, तांदळाचं माप ठेवायला वाकल्या आन् तशाच थबकल्या.

"अहो, उंबरा कुठाय?"

सकाळी होता. आता नुसती चौकट. समोरच्या ओट्यावर महेबूबभाई उंबरा मांडीवर घेऊन बसलेले.

"महेबूब, हे काय करायलास?" अण्णांनी विचारलं. सगळे पाहुणे बघायलेले.

"स्लॅब टाकून सहा महिने झाले, अण्णा. फेटा न्हाई, जेवण न्हाई. घरचंच काम हाय म्हणलाव. घरच्याला मान नसतोय व्हय?"

अण्णांनी माझ्याकडं बघितलं. मी म्हणलो, "अट तुमचीच हाय."

अण्णा खरंच शरमले. रस्ता ओलांडून गेले, डोक्यावरचा वरबापाचा फेटा उतरवला आन् महेबूबभाईंच्या डोक्याला बांधला. "चुकलं माझं," म्हणले. महेबूबभाईंचे डोळे भरले. ते उठले, उंबरा बसवला, चार स्क्रू पिळले. अक्कांनी माप ठेवलं. माझ्या जिवात जीव आला.

"ये पोरी, आत ये," अण्णा म्हणले.

सुनेनं उचललेला पाय परत खाली ठेवला.

"चाचा, तुमचं सगळं मिळालं का?"

महेबूबभाईंनी अण्णांकडं बघितलं, मग तिच्याकडं. "जेवण राहिलंय, बेटी."

"मग मी हितंच थांबते," ती म्हणली. "आधी चाचांचं पान वाढा."