आठ वाजताचा रिलिव्हर

ही गोष्ट मी इतकी वर्षं कुणाला धड सांगितली नाही. सांगितली ती अर्धीच, आणि लोकांनी तीच पुरी धरली, त्यामुळं उरलेली अर्धी सांगायची सोयच राहिली नाही. बायकोलाही अर्धीच माहीत होती. ती आता नाही. मीही सत्तरी ओलांडली आहे. अक्षर अजून लागतं, म्हणून लिहून ठेवतो.

माझा एक मित्र होता. आम्ही दोघं एकाच सूतगिरणीत होतो. त्याचं गाव शिरूर कासारच्या बाजूला, माझं वडवणीकडं. पण नोकरीमुळं दोघांची बिऱ्हाडं बीडात एकाच गल्लीत. त्याची बायको लवकर गेली. एकच मुलगी, ती गावाकडंच दिलेली. हा एकटा भात टाकायचा आणि कालवण आमच्याकडून न्यायचा. डबा परत देताना कधी मोकळा देत नसे. दोन पेरू, मूठभर शेंगा, काहीतरी असायचंच.

गिरणी बंद पडली तेव्हा आमची पन्नाशी उलटून गेली होती. त्या वयात कोण काम देणार? कुणीतरी म्हणालं, एजन्सीत नाव घाला, वॉचमनची कामं मिळतात. मोबाइलच्या दुकानावर जिना चढून गेलं की एजन्सीचं ऑफिस. सुपरवायझर आमच्या पोरांच्या वयाचा. आमच्याकडं बघून म्हणाला, "काका, कागदपत्रं ठीक हायेत, पण केस काळे करून या. पार्टी म्हणती, म्हातारे कावून पाठवता?"

मग एका रविवारी आमच्या मोरीपाशी बसून आम्ही एकमेकांचे केस रंगवले. त्यानं माझा कानही रंगवला. बायको दारात उभी राहून पदराआड हसत होती.

"दोन नवरदेव निघाले वाटतं."

"हसू नका वैनी," तो म्हणाला, "तुमचा नवरा आता मिल्ट्रीत चाललाय. शेवया करून ठेवा."

मिल्ट्री राहिली बाजूलाच. फोटो दिले, आधार दिलं, पोलीस पडताळणी झाली, आणि सुपरवायझर म्हणाला, "फोन करतो." फोन येत नसे. आम्ही जिना चढून जायचो, बाकावर बसायचो, दुपारी उतरायचो. आमच्यासारखे आणखी बसलेले असायचे, डिग्रीवाली पोरंसुद्धा. कुणाचं नाव पुकारलं की बाकीचे आपण ऐकलंच नाही असं तोंड करायचे.

एजन्सीत पहाऱ्याच्या जागेला पॉइंट म्हणतात. ज्याला पक्का पॉइंट मिळाला तो सुखी. बाकीचे आम्ही रिलिव्हर. कुणी रजेवर गेला की त्याच्या जागी उभं राहायचं. आज मंगल कार्यालय, उद्या खताचं गोदाम, परवा घरी. नियम एकच, आणि तो पहिल्या दिवशीच सांगितला जायचा: पुढचा माणूस आल्याशिवाय पॉइंट सोडायचा नाही. सोडला तर नाव कटलं.

मित्राला काही महिन्यांत पक्का पॉइंट मिळाला. शहराबाहेर कापसाची सरकी काढायची जिनिंग मिल, रात्रपाळी. मला मिळाला नाही. त्याचाच त्याला संकोच वाटायचा. जिनिंगवर दिवसपाळीचा माणूस रजा घेणार असला की हा आधी मला सांगायचा, मग सुपरवायझरला.

त्याच्या मुलीचं घर दरवर्षी ऊसतोडीला जायचं. थोरली नात दुसरीत होती, चुणचुणीत. पण ऊसतोडीला गेली की शाळा तुटायची. आईबाप फडात, आणि ही पाचटाच्या कोपीत धाकट्या भावाला सांभाळत बसायची. त्या वर्षी मित्रानं ठरवलं की नातीला आपल्याकडं ठेवून घ्यायचं. तो रात्री ड्युटीवर, मग पोरीजवळ कोण? माझी बायको म्हणाली, "माझ्यापाशी झोपंल. तिला काय एवढं लागतंय?" तिनं जुन्या लुगड्याची लहान गोधडीही शिवून ठेवली.

जावई मात्र नाखूश होता. धाकट्याला कोण बघणार, ही त्याची अडचण, आणि ती खोटी नव्हती. शेवटी तो एवढ्यावर आला, "आबा, सोता येऊन न्या. दुसऱ्या कुनाच्या हाती लेकरू देनार न्हाई. गाडी निघायच्या आत या."

गाडी म्हणजे टोळीचा ट्रॅक्टर. मुकादमानं ठरवलेल्या दिवशी अकराच्या सुमारास निघणार होता. मित्राची रात्रपाळी त्या सकाळी आठला संपणार होती. दिवसपाळीचा माणूस रजेवर होता आणि त्याच्या जागी मी जाणार होतो.

आदल्या संध्याकाळी ड्युटीवर जाताना तो आमच्या दारात थांबला. "आठला ये बरं का. गेटावरूनच एसटीला हात करतो."

"येतो की बे. आठच्या आधीच येऊन बसतो."

"तू नवरदेव हायेस. तुझा काय भरवसा?" असं म्हणून हसत गेला.

सकाळी मी अंगात युनिफॉर्म चढवला आणि फोन वाजला. सुपरवायझर होता. "काका, दवाखान्याचा पॉइंट निघालाय. दिवसपाळी, पक्का. आत्ता अर्ध्या तासात या, नाहीतर दुसऱ्याला देतो."

मी म्हणालो, "साहेब, जिनिंगवर रात्रपाळीवाल्याला सोडवायला मला जायचंय. त्याला गावाकडं जायचंय."

"तिकडं मी पाठवतो कुणाला तरी. तुमी या."

इथंच ती उरलेली अर्धी गोष्ट आहे. सुपरवायझर "पाठवतो" म्हणाला की माणूस दुपारपर्यंत येत नाही, हे बाकावर बसणाऱ्या प्रत्येकाला माहीत होतं. मला तर चांगलंच माहीत होतं. असा मी स्वतः किती वेळा अडकलो होतो. मित्राला एक फोन केला असता तर त्यानं दुसरं कुणी शोधलं असतं. पण तो म्हणाला असता, "गड्या, आजच्या दिवस ये," आणि मग मला नाही म्हणता आलं नसतं. म्हणून मी फोन केला नाही. दवाखान्याच्या वाटेवर खिशात फोन वाजायला लागला. त्याचाच होता. मी तो वाजू दिला. मग बंद करून टाकला.

संध्याकाळी तो युनिफॉर्ममध्येच आमच्याकडं आला. बायकोनं नातीसाठी शिरा करून ठेवला होता. ती त्याच्या मागं बघत राहिली, मागं कुणी नव्हतं.

"गेली गाडी," तो उंबऱ्यावर बसत म्हणाला. "दुपारी आला बदलीवाला. जावयाला फोनवर सांगत होतो, थांब, माझा रिलिव्हर येतोच हाय, वाटंवर असंल. थोडा येळ थांबला बी तो. पर मुकादम कशाला थांबतोय?"

मी म्हणालो, "सुपरवायझर म्हणला मी माणूस पाठवतो. मला वाटलं, पाठवला असंल."

त्यानं माझ्याकडं पाहिलं. मी खाली बघत होतो. "त्यानं तुला बी फसवलं आन् मला बी," तो म्हणाला. मग विचारलं, "पक्का पॉइंट मिळाला व्हय तुला?"

"मिळाला."

"बसायला खुर्ची हाय का?"

"हाय."

"मग झालं. तुझे गुडघे लई दुखतेत." बायकोनं पुढं केलेली शिऱ्याची ताटली त्यानं घेतली आणि संपवली, तिला वाईट वाटू नये म्हणून.

दुसऱ्या दिवशी त्यानं एजन्सीत जाऊन सुपरवायझरशी भांडण केलं. माझ्या खोट्यावर विश्वास ठेवून भांडला. त्याचं नाव कटलं. थोडे दिवस वाट बघून तो बिऱ्हाड आवरून गावी गेला आणि शेळ्या राखायला लागला. माझा पॉइंटही टिकला नाही. काही महिन्यांनी दवाखान्यात दुसरी एजन्सी आली, तिची माणसं घेऊन. मी परत बाकावर.

नात पुढची वर्षं त्याच्याजवळ गावातच राहिली, पण शाळेत तिचा जीव लागला नाही. सातवीनंतर सोडली. आता तिचं लग्न झालं आहे आणि ती नवऱ्याबरोबर ऊसतोडीला जाते. त्या एका सकाळीमुळंच हे झालं असं मी म्हणत नाही. नाही झालं, असंही मला म्हणवत नाही.

तो आजारी असल्याचं कळलं तेव्हा मी गेलो. सांगायचं ठरवूनच गेलो, एसटीत शब्द जुळवत होतो. लिंबाखाली बाजेवर पडला होता. मुलीनं भाकरी केली. येणाऱ्याजाणाऱ्याला तो सांगत होता, "ह्यो माझा गिरनीतला भाऊ." सगळे उठून गेल्यावर मी म्हणालो, "गड्या, एक बोलायचंय."

"आधी माझं ऐक," तो म्हणाला, आणि माझा हात धरला. "वैनीच्या मातीला मला येता आलं न्हाई. पाय उचलत नव्हता. तिच्या हातचं इतकं खाल्लं आन् शेवटाला आलो न्हाई. मला माफ कर."

तो रडत होता. त्यानं माफी मागितल्यावर मी माझी कशी मागणार? मागितली असती तर त्याच्या माफीची किंमत कमी झाली असती, असं मी तेव्हा मनाशी म्हणालो. खरं म्हणजे मला भ्या वाटलं. त्याचा हात तसाच हातात घेऊन बसलो. मुलगी म्हणाली, शेवटची एसटी निघंल. मी उठलो. दिवाळीनंतर तो गेला.

तुला सांगायचं होतं ते एवढंच, गड्या. सुपरवायझर माणूस पाठवणार नाही, हे मला ठाऊक होतं. तू वाट बघत असशील, हेही ठाऊक होतं. तुझा फोन मी ऐकला होता. माझं चुकलं.