लाइन बंद आहे, असं म्हणणारा मी

"बंद हाय? कोन म्हन्तंय?"

लाइन बंद केल्याचं सांगितलं की आमचे वायरमन तात्या हे विचारायचेच. मग खांबाखाली उभे राहून लोखंडी साखळीचं एक टोक जमिनीत पक्कं करायचे आणि दुसरं तारांवर भिरकावायचे. तारा गप्प राहिल्या, तरच वर चढायचे.

नव्वदच्या दशकात मी बारामती-इंदापूर रस्त्यावरच्या एका सबस्टेशनात ऑपरेटर होतो. डिप्लोमा ताजा, अक्कल यायची होती. तुम्हीही त्या साखळीला अडाणीपणाच म्हटलं असतं.

"तात्या, माझ्यावर विश्वास नाही?"

"तुमच्यावर हाय की. तुमच्या हातावर न्हाय."

तेव्हा वीज आली तरी लोक तिच्याकडे संशयानं बघायचे. अशात मी एका मासिकात वाचलं, की खोलीएवढ्या अणुभट्ट्या निघणार, तालुक्याला एक पुरे, चोवीस तास वीज! तात्यांना ऐकवलं.

"तापत आसंल की ती?"

"पाण्यानं गार ठेवतात."

"पानी कशानं वढनार?"

"मोटारीनं."

"आन् मोटारीला लाईट? आपलीच का?"

मी म्हटलं, तुम्हाला नाही कळायचं.

त्याच आठवड्यात एक शाळामास्तर विजेची तक्रार घेऊन आले. मी त्यांना लॉगबुकाच्या पाठीवर अणुभट्टी काढून दाखवत होतो. फोन वाजला. खांबाजवळच्या दूध डेअरीतून तात्या.

"इंदापूर फीडर बंद करा. वर चढायचंय."

फोन कानाला, डोळे चित्रावर. हात लांब करून लाइनचा स्विच पाडला.

"बघून सांगा."

"केला म्हणतोय ना, तात्या!"

भट्टीला धुराडं काढावं की नको हे ठरवतोय, एवढ्यात पॅनेलवर धाडकन आवाज झाला. इंदापूर फीडर ट्रिप, म्हणजे धक्का बसून आपोआप बंद. बंद केलेला फीडर ट्रिप होत नाही, एवढं मला येत होतं. मी बारामतीचा बंद करून बसलो होतो. चालू तारांवर साखळी पडली होती, की तात्याच?

डेअरीचा फोन कुणी उचलेना. मास्तर काहीतरी विचारत होते, मला नुसते त्यांचे ओठ दिसत होते. तासाभरानं फाटकातून सायकल आली. सायकलवर तात्या, धडधाकट; मागं बांधलेली साखळी तेवढी जळून काळी. शिवी नाही, थप्पड नाही. माठातलं पाणी प्यायले आणि चित्राकडे बघत म्हणाले,

"ह्ये चालवाया कोन बसनार? तुमीच का?"

पुढचे आठ दिवस वरच्या साहेबांची जीप दिसली की मी लॉगबुकात डोकं खुपसायचो. वाटायचं, तात्यांनी तक्रार लिहून दिलीच. मुद्दाम गप्प आहेत, पुढंमागं माझ्याकडून काहीतरी काढणार. तात्यांनी काही लिहिलं नव्हतं. एक दिवस ते घरचं पितळी कुलूप घेऊन आले. त्यानंतर दर कामाला सहा किलोमीटर सायकल मारत यायचे, माझ्यादेखत स्विच पाडायचे, कुलूप लावून किल्ली खिशात घालायचे आणि तेवढंच परत खांबाकडे जायचे.

"राग नगं, साहेब. घरी मानसं हायती."

निवृत्तीच्या दिवशी गळ्यात हार असतानाच त्यांनी कुलूप नव्या वायरमनच्या हातात दिलं. माझ्यासमोरच म्हणाले, "साहेब मानूस लाख हाय. चा पाजतील. कुलूप मातर लावत जा."

नवा वायरमन माझ्याकडे बघून ओशाळला. मीच म्हटलं, "लावत जा. आणि लावल्यावर ओढून बघा."

तात्यांनी मान डोलावली. माझं बोलणं त्यांनी न तपासता मान्य केलेलं मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. मग सायकलला टांग मारून ते निघून गेले.